पाण्याची काच

सोलापूरचा पोरगा नौदलात गेला म्हटलं की लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, पोहता येत होतं का? नव्हतं. कंबर तलावात आम्ही फक्त दगड मारायचो. घरी नळाला पाणी चार दिवसांआड यायचं, तेही रात्री-बेरात्री. आई पिंप, घागरी, कळशा, शेवटी पातेलीसुद्धा भरून ठेवायची. एका बादलीत आंघोळ, त्याच पाण्यात कपडे, उरलं ते अंगणातल्या तुळशीला. पाणी म्हणजे आमच्यासाठी पोहायची गोष्ट नव्हतीच, मोजायची होती.

अण्णांसाठी, म्हणजे वडिलांसाठी, तर ती बघायची गोष्ट होती. ते गिरणीत बॉयलरवर फायरमन. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली उभी राहिली, तिला आम्ही आजही ‘जुनी मिल’च म्हणतो. तिच्यानंतर आणखी उभ्या राहिल्या आणि सगळं शहर भोंग्यावर उठायला-झोपायला लागलं. अण्णा ज्या गिरणीत होते तिथं लँकेशायर बॉयलर होता. रेल्वेच्या टाकीएवढा आडवा सिलिंडर, त्याच्या पोटातून आरपार गेलेले दोन मोठे नळ. नळांत कोळशाची आग, भोवती पाणी. त्या बॉयलरच्या तोंडावर एक उभी काच असते, आतलं पाणी किती आहे ते दाखवणारी. अण्णांचं सगळं तत्त्वज्ञान त्या काचेत होतं. ‘आग कमी-जास्त चालंल, पाण्याची काच सोडायची नाही.’ काचेतलं पाणी दिसेनासं झालं म्हणजे आतले नळ उघडे पडले, तापले, आणि मग बॉयलर फाटतो. मी सहावी-सातवीत असताना डबा घेऊन जायचो तेव्हा ते माझ्याशी बोलायचे, पण डोळे काचेवर. पुढं गिरणी बंद पडली. अण्णांनी काही वर्षं यंत्रमागावर काढली, पण मन रमलं नाही. मागाला काच नसते ना.

नौदलाची जाहिरात मी २००१ मध्ये पेपरात पाहिली. बारावी सायन्स होतो, मार्क बरे होते, पुढं शिकायला पैसे नव्हते, एवढंच कारण. देशभक्ती वगैरे नंतर आली, आणि आली ती खरी आली, पण सुरुवात पोटापासून झाली हे सांगायला लाज कशाला? लेखी परीक्षेत गणित-विज्ञान होतं, ते निघालं. मग धावणं: १.६ किलोमीटर सात मिनिटांच्या आत, वीस उठाबशा, दहा जोर. मी पहाटे पार्क मैदानाला चकरा मारायचो, एक मित्र घड्याळ धरून उभा राहायचा आणि दर चकरीला शिव्या घालायचा. त्याच्या शिव्यांमुळे पास झालो. मेडिकलला जाताना कान आणि दात साफ करून या अशी सूचना होती. मला ती चेष्टा वाटली. पण माझ्यापुढचे दोघं कानातल्या मळामुळे थांबवले गेले तेव्हा चेष्टा गेली.

प्रशिक्षणाचं ठिकाण होतं ओडिशातलं आयएनएस चिल्का. सोलापूरवाल्याला हे सोपं, कारण मुंबईहून भुवनेश्वरला जाणारी कोणार्क एक्सप्रेस आपल्याच स्टेशनवरून जाते. एका रात्री बसलो. आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी इतकी दिली होती की आंध्र ओलांडेपर्यंत डबाभर पोरं माझी मित्र झाली. त्यांतली निम्मी आंध्रातली. तेलुगू विणकरांच्या पूर्वभागात राहिलेल्या सोलापूरकराला मोडकं तेलुगू येतंच, मागावर कानावर पडलेलं. ‘नीळ्ळु’ म्हणजे पाणी, ‘रा रा’ म्हणजे ये ये. तेवढ्यावर पुढचे सहा महिने निघाले. उतरलो बालुगावला.

तिथं पहिल्यांदा क्षितिजापर्यंत पाणी पाहिलं. मी बाजूच्याला म्हटलं, ‘समुद्र!’ तो तिथलाच होता. म्हणाला, समुद्र नाही, चिल्का सरोवर. अकराशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं, समुद्राला एका बाजूनं तोंड असलेलं निमखारं पाणी. म्हणजे नौदलात येऊन पहिलं पाणी पाहिलं तेही धड समुद्राचं नाही, धड गोडं नाही. आमचा चिल्का तळ २१ फेब्रुवारी १९८० ला सुरू झाला. नाविक म्हणून भरती होणारं देशभरातलं प्रत्येक पोरगं आधी इथंच येतं. आता पोरीही येतात. अग्निवीरांची पहिली तुकडी २८ मार्च २०२३ ला इथून बाहेर पडली, त्यांत २७३ मुली होत्या, आणि ते संचलन सूर्यास्तानंतर झालं. आमचं भर उन्हात झालं होतं.

तळाला ‘जहाज’ म्हणतात हे मला आधी कळेना. नावाआधी ‘आयएनएस’, ‘इंडियन नेव्हल शिप’, लागतं, म्हणजे कागदोपत्री ते जहाजच. मग जमीन म्हणजे डेक, भिंत म्हणजे बल्कहेड, स्वयंपाकघर म्हणजे गॅली, संडास म्हणजे हेड्स. गेटबाहेर गेलं की ‘अशोर’ गेलो. रविवारी लिबर्टी, म्हणजे बाहेर जायची सुट्टी, मिळाली आणि मी म्हणालो, ‘बाहेर चाललो’, तर इन्स्ट्रक्टर म्हणाला, ‘बाहेर कुठं? पाण्यात पडणार का?’ अशोर म्हण. पहिले काही दिवस हसू येतं. तीन आठवड्यांनी स्वप्नंसुद्धा त्याच भाषेत पडायला लागतात. घरी फोनवर मी आईला ‘गॅलीत आहेस का’ असं विचारलं होतं. ती म्हणाली, गल्लीत कशाला असेन, घरातच आहे.

पोहण्यात मी कच्चा. कच्च्यांची वेगळी तुकडी करून त्यांना रोज जास्तीचा एक तास तलावात घालायचे. मला बुडायची भीती नव्हती. इतकं स्वच्छ पाणी पायाखाली वाया चाललंय याचंच मला कसंतरी व्हायचं. शेवटी उंच फळीवरून उडी मारायचा दिवस आला. मारली. नाकातून, कानातून पाणी, पण तरंगलो. त्या दिवशी घरी फोन केला तेव्हा अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, ‘बरं. आणि काम काय देणार?’

काम म्हणजे ब्रँच. चिल्का संपता संपता ती वाटली जाते आणि तिथून प्रत्येकाची वाट वेगळी होते. तोफखान्यावाले कोचीला, वीजवाले जामनगरच्या वालसुराला. मला मिळाली इंजिनीअरिंग मेकॅनिक, आणि तळ मिळाला लोणावळ्याचा आयएनएस शिवाजी. इंजिनवाल्यांना नौदलात अजूनही ‘स्टोकर’ म्हणतात. स्टोकर म्हणजे कोळसा ओढणारा, भट्टी पेटवणारा. अण्णांना अर्थ सांगितला. पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, ‘म्हणजे बॉयलरवरच की रे! एवढं ओडिशाला कशाला गेलास मग?’

लोणावळ्यात नौदलाचा तळ कसा, हाही लोकांचा आवडता प्रश्न. भुशी डॅमवरून लायन्स पॉइंटकडे जाणाऱ्या हजारो पर्यटकांना रस्त्यात ते गेट लागतं आणि कणीस खाता खाता ते चकित होतात. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच, धुक्यात, आणि नाव जहाजाचं. दुसरं महायुद्ध चालू असताना हिंदुस्थानचं नौदल भराभर वाढलं, जहाजं आली, पण ती चालवायला इंजिनखोलीतली माणसं कमी. त्यासाठी १५ फेब्रुवारी १९४५ ला हा तळ सुरू झाला, नाव ‘एचएमआयएस शिवाजी’. ‘हिज मॅजेस्टीज’ आणि ‘शिवाजी’ एका ओळीत! इंग्रज राजाच्या जहाजाला महाराजांचं नाव कुणी सुचवलं असेल त्याला मी मनातल्या मनात सलाम ठोकतो. २६ जानेवारी १९५० ला ‘हिज मॅजेस्टी’ गळून पडला, शिवाजी राहिले.

या तळाचं महत्त्व मला वर्गात नाही, नंतर नकाशा बघताना कळलं. फाळणीत कराचीतले हिमालय, बहादूर, दिलावर हे तळ पाकिस्तानात गेले. तोफखान्याची शाळा, नव्या पोरांची शाळा, सगळी तिकडं. आपल्याला कोचीत, विशाखापट्टणमला नव्यानं मांडावं लागलं. पण इंजिनाची शाळा सह्याद्रीत होती, ती राहिली. जहाजाची माणसं तयार करायला वर्षं लागतात. जहाज एकवेळ विकत घेता येतं.

आणि शाळांमध्ये नुसतं शिकणंच होतं असंही नाही. फेब्रुवारी १९४६ चं नाविकांचं बंड मुंबईच्या ‘तलवार’ तळावर पेटलं, ती संदेशवहनाची शाळा होती. १८ तारखेला सुरुवात, निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांची अपमानाची भाषा यांवरून, आणि पाच दिवसांत ७८ जहाजं, २० तळ, वीस हजारांवर नाविक. सोलापूरकराला हे ऐकून परकं वाटत नाही. आमच्याकडे १९३० च्या मे महिन्यात शहरच काही दिवस इंग्रजांच्या हातून निसटलं होतं, मग मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला चौघे फासावर गेले. धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळून शाळेत गेलेला मी, तलवारची गोष्ट वाचून बराच वेळ तसाच बसून राहिलो होतो.

असो. शिवाजीत गेलो तर पहिले कित्येक दिवस जहाज नाही, इंजिन नाही, हातात कानस. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि घासायचा. काटकोन आला पाहिजे, उजेडासमोर धरला तर फटीतून प्रकाश दिसता कामा नये. घासून घासून तळहाताला फोड, फोड फुटून घट्टे. तळाचं ब्रीद ‘कर्मसु कौशलम्’, गीतेतलं. त्यातलं कौशलम् मला त्या कानशीत दिसायचं, कर्म तर सगळीकडेच होतं.

मग बॉयलर आला. त्या काळी नौदलात गॅस टर्बाइन होते, डिझेल होते, पण वाफेवर चालणारी फ्रिगेटंही (मध्यम आकाराच्या युद्धनौका) बरीच होती, त्यामुळे आम्हाला वाफ नीट शिकवली. जहाजाचा बॉयलर गिरणीच्या उलटा असतो. इथं पाणी बारीक नळ्यांत आणि आग नळ्यांच्या भोवती. नळ्या बारीक म्हणून दाब सोसतात, पाणी थोडं म्हणून वाफ झटपट होते. अण्णांच्या बॉयलरला दर चौरस सेंटिमीटरला दहा-बारा किलोचा दाब असेल. इथं अडतीसच्या पुढं आणि वाफेचं तापमान साडेचारशे अंश. एवढी तापलेली वाफ गळायला लागली तर दिसत नाही. आपण ज्याला वाफ म्हणतो तो पांढरा ढग म्हणजे थंड होऊन पाण्याचे थेंब झालेली वाफ. खरी वाफ हवेसारखी, नजरेला नाहीच, फक्त शिट्टी ऐकू येते. जुने स्टोकर म्हणे केरसुणीचा दांडा पुढं धरून चालायचे. दांडा कापला गेला की कळायचं गळती इथं आहे. इन्स्ट्रक्टरनं हे सांगितलं आणि आम्ही सगळे आपापल्या हातांकडं बघायला लागलो.

दुसरी गोष्ट पाण्याची. सोलापुरात बोअरच्या पाण्यानं पातेल्याला पांढरी पुटं चढतात, तसं बॉयलरच्या नळीत झालं तर नळी जळते. म्हणून समुद्राचं पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून शुद्ध पाणी बनवायचं, आणि त्यावर पहिला मान बॉयलरचा, मग माणसांचा. मीठ शिरलंय का बघायला चाचणी असते: नमुन्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे, दुधासारखं पांढरं झालं की समजायचं, कुठंतरी समुद्र आत आला.

आणि तिसरी गोष्ट सांगताना इन्स्ट्रक्टर काचेच्या नळीवर बोट ठेवून हिंदीत म्हणाला, ‘सब छोड़ देना, इसे मत छोड़ना.’ मला शब्दशः अण्णांचा आवाज ऐकू आला. बाकीची पोरं लिहून घेत होती, मी लिहिलं नाही.

अण्णा एकदा भेटायला आले. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघून पहाटे लोणावळ्यात. रविवारची लिबर्टी होती म्हणून मी स्टेशनवर गेलो. आत नेता येणार नव्हतं, त्यांनी मागितलंही नाही. चहा घेतला, चिक्की घेतली, आणि बाकावर बसून मी चिक्कीच्या खोक्याच्या आतल्या बाजूला पेननं बॉयलर काढून दाखवला. वरती ड्रम, खालती ड्रम, मध्ये नळ्या, इकडून आग. अण्णांनी खोका फिरवून फिरवून पाहिला.

‘पाणी नळीत? आग बाहेर?’

‘हो.’

‘उलटं केलं की रे सगळं.’ मग थोड्या वेळानं, ‘काच?’

ती काढायची मी विसरलो होतो. त्यांनी पेन घेतलं आणि वरच्या ड्रमच्या कडेला एक उभी रेघ स्वतःच मारली. खोका ते सोलापूरला घेऊन गेले, चिक्की माझ्याकडे राहिली.

ते २००२ साल होतं. जुलैमध्ये देशभर पाऊस रुसला, आमच्या जिल्ह्यात तर विचारू नका, गावोगाव टँकर. लोणावळ्यात मात्र कपडे आठ-आठ दिवस वाळत नव्हते, बुटात बुरशी. एसटीडी बूथवरून आई म्हणायची, सहा दिवस झाले नळ आला नाही, आणि मागं पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज की ती विचारायची, कसला कारखाना चालू आहे तिथं.

त्याच दिवसांत आमचं नुकसान-नियंत्रणाचं प्रशिक्षण झालं, एनबीसीडी शाळेत. जहाजाला आग लागली, भोक पडलं, अणू-रासायनिक हल्ला झाला तर काय करायचं, हे नौदलाच्या माणसाला शिकवणारी शाळा याच तळावर आहे. आगीचा भाग मला जमला. काळोखी खोली, धूर, पाठीवर श्वासाचा सिलिंडर, गुडघ्यांवर सरकत जायचं, कारण जमिनीलगत हवा थंड असते. पण पुराचा भाग! लोखंडी खोली, जहाजाच्या कप्प्यासारखी. आम्ही आत, दार बंद, आणि भिंतीतल्या भोकांतून जोरात पाणी. कुठं गोल भोक, कुठं फाटलेला पत्रा, कुठं तुटलेला पाइप. लाकडी पाचरी, खुंट्या, हातोडा, गाद्यांसारखे पॅड आणि ते दाबून धरायला लाकडी टेकू. पाणी पोटरीला, गुडघ्याला, मांडीला. गार इतकं की बोटांना हातोडा कळेना. मी एका भोकाला पाचर लावतोय आणि ती परत माझ्याच छातीवर येऊन आदळतेय. मागून ओरडा, पाचरीला चिंधी गुंडाळ! गुंडाळली, बसली, ठोकली. पाणी कमरेला आलं तेव्हा शेवटचं भोक आटोक्यात आलं. पूर्ण बंद नाही होत, पाझरत राहतं. पंप उपसेल तेवढ्यावर आणायचं, इतकंच.

मग बाहेर कुडकुडत उभं असताना सांगितलेली एक गोष्ट मी विसरलो नाही. आग विझवायला ओतलेलं पाणीसुद्धा जहाज बुडवतं. वरच्या डेकवर पाणी साठलं आणि डोलायला लागलं की जहाज त्या बाजूला कलतं आणि उलटं होतं. म्हणून ओतताना उपसायचाही हिशेब आधी हवा. मला आमची आई आठवली, पातेल्यांचा हिशेब करणारी. खोटं नाही सांगत.

पुढची चौदा वर्षं इथं सांगत बसत नाही. वाफेच्या फ्रिगेटवर होतो, नंतर डिझेलवर. सुरुवातीला पंधरा दिवस समुद्र लागला, उलट्या झाल्या, मग सवय झाली. गोड्या पाण्याची टंचाई असली की मुंबई-पुण्याची पोरं कावायची, मी पाव बादलीत आंघोळ करून उरलेल्यात बनियन धुवायचो. त्यावरून मला जहाजावर एक नाव पडलं होतं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

२०१६ ला पंधरा वर्षं भरली, पेन्शन घेऊन सोलापूरला आलो. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही आणि प्रत्येक कारखान्याला बॉयलर लागतो. परीक्षा देऊन बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट काढलं आणि एका कारखान्यात लागलो. १३ फेब्रुवारी २०२० ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी आयएनएस शिवाजीला ‘प्रेसिडेंट्स कलर’ हा मानाचा ध्वज दिला, तळाला ७५ वर्षं होत होती. मी कंट्रोल रूममध्ये मोबाइलवर ते पाहिलं. शिफ्टवरच्या पोरांना सांगितलं, दोन लाखांहून जास्त लोक तिथं शिकलेत, त्यांतला एक मी. एक जण म्हणाला, काका, लोणावळ्यात कुठला समुद्र?

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास बॉयलर अग्निप्रदीपन होतं. हंगामाआधीची पूजा, संचालक, फेटे, नारळ, पेढे. अण्णांना घेऊन गेलो. एकाहत्तर वर्षांचे. बॉयलर उसाच्या चिपाडावर चालणारा, ६७ किलोचा, नळ्यांत पाणी आणि बाहेर आग, अगदी त्या खोक्यावरचा. सगळे भट्टीच्या तोंडाशी गर्दी करून उभे होते, पेटता बोळा आत टाकायला. अण्णा तिकडं गेलेच नाहीत. माझी बाही धरून म्हणाले, ‘काच दाखव.’

मी कंट्रोल रूममध्ये नेलं. स्क्रीनवर आकडा, निळी पट्टी. त्यांनी मान हलवली. ‘हे नव्हं. काच.’

खरी काच वरती, ड्रमपाशी. लोखंडी जिने. म्हटलं, अण्णा, गुडघे? ते चढायला लागले होते. प्रत्येक वळणावर थांबायचे, कठड्याला हात लावून बघायचे, पुन्हा वर. खालून मंगलाष्टकासारखा काहीतरी मंत्र आणि माइकची खरखर येत होती. वर पोचल्यावर त्यांनी धोतराच्या सोग्यानं काचेवरची धूळ पुसली, चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी जवळ गेले.

‘निम्म्यावर हाय,’ म्हणाले. ‘पेटवा म्हणावं आता.’